‘अपॉस्टेट’ म्हणजे कोण?

काही वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या स्मरणिकेसाठी गोव्यातील इन्क्विझिशनवर मी एक लेख लिहिला होता. आधार बहुतांशी इंग्रजी ग्रंथांचा होता, आणि त्या ग्रंथांतून ‘अपॉस्टेट’ हा शब्द पानोपानी भेटत होता. इंग्रजी-मराठी कोशात पाहावे, एक भारदस्त प्रतिशब्द उचलावा आणि पुढे जावे, ही आपली नेहमीची रीत. तिला अनुसरून मी सर्वत्र ‘धर्मभ्रष्ट’ असे लिहून टाकले. लेख छापून आला. पुढे त्या देवस्थानाच्या एका वयोवृद्ध महाजनांनी मला घरी बोलावून घेतले, स्मरणिकेचे ते पान माझ्यापुढे धरले आणि कोंकणीत एवढेच विचारले, “भ्रश्ट? कोणाचे नदरेन?”

प्रश्न वरवर साधा होता, पण त्याचे उत्तर मला देता येईना. त्यांच्या घराण्याची एक पाती सोळाव्या शतकात देव घेऊन नदीपलीकडे अंत्रूज महालात आली होती, आणि दुसरी पाती जमिनीच्या मागे गावातच राहून ख्रिस्ती झाली होती. त्या मागे राहिलेल्या पातीतील एखाद्याने रात्री दार लावून जुन्या देवापुढे दिवा लावला, आणि ते कोणी चहाडी करून कळवले, तर धर्मन्यायालयाच्या दप्तरात तो माणूस ‘अपॉस्टेट’ ठरत असे. आता मराठी वाचक ‘धर्मभ्रष्ट’ म्हणजे काय समजणार? हिंदू धर्मातून गेलेला, असेच ना? म्हणजे ज्याला आपल्या देवाचा दिवा विझू न दिल्याबद्दल शिक्षा झाली, त्यालाच आपल्या देवस्थानाच्या पुस्तकात मी भ्रष्ट म्हटले होते. शब्द कोशाप्रमाणे बरोबर होता. वाक्य मात्र साफ उलटे झाले होते.

त्या दिवसापासून हा शब्द जेथे जेथे दिसेल तेथे थांबून पाहण्याची सवय मला लागली. तो कोण उच्चारतो, कोणाविषयी उच्चारतो आणि उच्चारणाऱ्याच्या हाती कोणती सत्ता असते, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही, असे माझे मत झाले आहे. ते मत वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख.

‘अपॉस्टेट’ हा शब्द मुळात देवळातला किंवा चर्चमधला नाही. तो राजकारणातला आणि रणांगणातला आहे. ग्रीक भाषेत त्याचा धात्वर्थ ‘दूर जाऊन उभा राहणे’ असा होतो. एखादे अंकित नगर अथेन्सच्या आधिपत्यातून फुटले, तर ग्रीक इतिहासकार त्या फुटण्याला ह्याच कुळातील शब्द वापरीत. पुढे ज्यूंच्या धर्मग्रंथांचा ग्रीक अनुवाद झाला, तेव्हा ईश्वराविरुद्धच्या बंडाला तो लागला. तेथून तो ख्रिस्ती लेखकांकडे गेला आणि लॅटिनमधून इंग्रजीत उतरला. प्रवासात त्याचे वस्त्र धार्मिक झाले, पण अंगातली शिस्त लष्करीच राहिली. ज्याने चौकी सोडली तो अपॉस्टेट. ह्या कल्पनेत दोन गोष्टी आधीच धरून चालाव्या लागतात: एक, तो मनुष्य त्या चौकीवर खरोखर रुजू झाला होता, दुसरी, तो स्वतःच्या पायांनी चालत गेला. ह्यांतली एक जरी निसटली तरी शब्द न्यायाने वापरता येत नाही. इतिहासात मात्र तो बहुधा ह्या दोहोंची चौकशी न करताच वापरला गेला आहे.

ह्या शब्दाचा सर्वांत प्रसिद्ध धनी म्हणजे रोमन सम्राट ज्यूलियन. ख्रिस्ती संस्कारांत वाढलेला हा राजपुत्र प्राचीन देवतांच्या उपासनेकडे वळला, इ. स. ३६१ मध्ये सम्राट झाला आणि ३६३ मध्ये इराणच्या मोहिमेत मारला गेला. उण्यापुऱ्या दोन वर्षांच्या ह्या कारकिर्दीला सोळाशे वर्षे ‘ज्यूलियन द अपॉस्टेट’ हे नाव चिकटून राहिले आहे. ते त्याने घेतले नव्हते. ज्यांचा पक्ष अखेर विजयी झाला त्यांनी ते दिले. स्वतः ज्यूलियनच्या लेखी तो पूर्वजांच्या देवांकडे परत आला होता, आणि ख्रिस्ती लोकांना तो त्यांचे नाव न घेता ‘गॅलिलियन’, म्हणजे त्या एका लहानशा प्रांतातले लोक, असे हिणवून म्हणत असे. दोन्ही पक्षांकडे लेबले तयार होती. टिकले ते जिंकणाऱ्याचे. अठराव्या शतकात गिबनने आपला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिताना ह्या उपाधीने ज्यूलियनच्या कीर्तीचे नुकसान झाले असे स्पष्टपणे नोंदवले. गोअर व्हिडाल ह्या अमेरिकन कादंबरीकाराने १९६४ साली ह्याच सम्राटावर कादंबरी लिहिली आणि तिला नुसते ‘ज्यूलियन’ असे नाव दिले. एक विशेषण गाळणे हीही टीकाच होय.

इंग्रजांनी हा शब्द केवळ परधर्मीयांसाठी राखून ठेवला, असेही नाही. १६८२ साली सॅम्युअल जॉन्सन नावाच्या एका धर्मोपदेशकाने (कोशकार जॉन्सन वेगळा) ‘ज्यूलियन द अपॉस्टेट’ ह्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. वरकरणी विषय रोमन सम्राटाचा. रोख मात्र राजाच्या भावावर, जो कॅथलिक झाला होता आणि गादीवर येणार होता. म्हणजे येथे ख्रिस्ती माणूस ख्रिस्ती माणसालाच अपॉस्टेट म्हणत होता. पुढे व्हिक्टोरियन काळात ह्याहून मौजेचा प्रकार दिसतो. अँग्लिकन पंथ सोडून कोणी रोमकडे गेला, की रोमच्या दृष्टीने तो ‘कन्व्हर्ट’, पण मागे राहिलेल्यांच्या तोंडी ‘पर्व्हर्ट’ असे. जॉन हेन्री न्यूमन १८४५ साली त्या उंबरठ्यावरून गेला आणि १८६४ साली त्याला आपल्या धार्मिक मतांच्या प्रवासाची कैफियत ग्रंथरूपाने मांडावी लागली. माणूस एक, पाऊल एक. उंबऱ्याच्या आतून पाहिले तर एक शब्द, बाहेरून पाहिले तर दुसरा.

एकोणिसाव्या शतकात हा शब्द आणि त्याचे भावंड ‘रेनिगेड’ हे दोन्ही धर्माच्या अंगणातून राजकारणात शिरले. कवी सदी तरुणपणी क्रांतीचा पुरस्कर्ता होता; पुढे तो राजकवी आणि कट्टर सनातनी पक्षाचा झाला. १८१७ साली त्याचे तरुणपणीचे एक नाटक त्याच्या संमतीवाचून छापले गेले, तेव्हा पार्लमेंटात त्याची ‘रेनिगेड’ म्हणून निर्भर्त्सना झाली, आणि बायरननेही त्याला ही पदवी काव्यातून बहाल केली. येथे देवाचा संबंध उरला नाही. उरली ती फक्त ‘आमचा होता आणि फुटला’ ही जखम. लेनिनने १९१८ साली कौट्स्कीला हाच शब्द पुस्तकाच्या नावातच लावला. म्हणून इंग्रजी पुस्तक वाचताना हा शब्द धर्माविषयी आहे की पक्षाविषयी, हे प्रथम ठरवावे लागते. राजकीय मजकुरात त्याला ‘धर्मभ्रष्ट’ म्हणणारे भाषांतर हास्यास्पद होते. तेथे आपला ‘फितूर’ अगर ‘फुटीर’ हा शब्दच शोभतो.

‘रेनिगेड’चे मूळ नाकारण्यात आहे: ज्याने श्रद्धा नाकारली तो. स्पॅनिश-पोर्तुगीज वाटेने आलेल्या ह्या शब्दाचे एक करुण उदाहरण गोव्याच्याच मातीत घडले. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतल्यावर त्यांच्यातले काही शिपाई विजापूरकरांना जाऊन मिळाले आणि मुसलमान झाले. १५१२ साली बाणस्तरीचा किल्ला पडला. रसूलखानाने ह्या लोकांना जीव वाचवण्याच्या अटीवर आल्बुकेर्कच्या हवाली केले. आल्बुकेर्कने शब्द पाळला, प्राण घेतले नाहीत. नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा एवढेच कापून घेतले. त्यांतला फेर्नांव लोपिश स्वदेशी परतताना वाटेत सेंट हेलेना ह्या निर्जन बेटावर उतरला आणि तेथेच एकटा राहिला. पुढे त्याला पोर्तुगालला नेण्यात आले. रोमला जाऊन त्याने पोपपुढे पापाची कबुलीही दिली. धर्माच्या हिशेबी तो शुद्ध झाला. तरी त्याने मागणे मागितले ते बेटावर परत जाण्याचे, आणि तो तेथेच मरण पावला. पोपने क्षमा केली, पण इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्या नावापुढे आजही ‘रेनिगेड’ आहेच. कपाळावर बसलेला हा शब्द प्रायश्चित्ताने धुतला जात नाही, एवढे तरी ह्या कथेवरून दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे गोव्याच्या इन्क्विझिशनकडे येऊ. हे न्यायालय १५६० साली सुरू झाले, १७७४ साली बंद झाले, १७७८ साली पुन्हा उघडले आणि १८१२ साली कायमचे मोडले. त्याचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर चाले. म्हणजे जो कधी ख्रिस्ती झालाच नाही त्याला अपॉस्टेट म्हणता येत नसे. तो शब्द लागू करण्यासाठी आधी बाप्तिस्मा हवा. पण तो बाप्तिस्मा कसा झाला? १५५९ च्या फर्मानाप्रमाणे पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करण्यात येई. असे मूल मोठे होऊन मावशीच्या घरच्या देवापुढे हात जोडू लागले, तर त्याने कोणती चौकी सोडली? तो तेथे रुजू केव्हा झाला होता?

हा प्रश्न चर्चपुढेही फार पूर्वीपासून होता, हे येथे सांगितले पाहिजे. स्पेनमधील टोलेडोच्या ६३३ सालच्या धर्मपरिषदेने बळजबरीने धर्मांतर करू नये असे ठरवले. पण ज्या ज्यूंवर आधीच बळजबरी झाली होती त्यांनी मात्र ख्रिस्तीच राहिले पाहिजे, असाही निर्णय दिला. तेराव्या शतकाच्या आरंभी पोप तिसरा इनोसंट ह्याने भीतीपोटी दिलेली संमतीही संमतीच होय, असा अर्थ लावला. येण्याचे दार ढकलून उघडता येते, जाण्याचे दार मात्र नाही, असा हा न्याय. ‘अपॉस्टेट’ ह्या शब्दाची सारी धार ह्या एका दारावर घासलेली आहे.

आणि सोडले काय, ह्याचा पुरावा कशात शोधला जाई? प्रा. अ. का. प्रियोळकरांनी आपल्या १९६१ च्या इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथात १७३६ च्या जाहीरनाम्याची सविस्तर हकीकत दिली आहे, ती जिज्ञासूंनी मुळातूनच वाचावी. अंगणात तुळस ठेवू नये, लग्नात जुनी गाणी म्हणू नयेत, पुरुषांनी धोतर व स्त्रियांनी चोळी वापरू नये, भात हिंदूंप्रमाणे अळणी शिजवून मागाहून मीठ घालू नये. इंग्रजी शब्द बोलतो तो श्रद्धेचा त्याग आणि ईश्वराविरुद्ध बंड अशा भव्य गोष्टींविषयी. गोव्याच्या स्वयंपाकघरात पोचेपर्यंत मात्र त्याचा अर्थ भातात मीठ केव्हा घातले, एवढ्यावर येऊन ठेपतो. इंग्रजी वाचताना शब्दाच्या मागे असलेली ही चूल दिसत नाही. ती मराठी वा कोंकणी वाचकाला दिसली पाहिजे, हे भाषांतरकाराचे काम.

येथवरचा दोष दुसऱ्यांचा होता, त्यामुळे लिहिणे सोपे गेले. आता आपल्या शब्दांकडे वळतो.

आपल्याकडे ‘बाटणे’ हे क्रियापद आहे. मोल्सवर्थच्या कोशात ते विटाळाच्या आणि जातीतून जाण्याच्या अर्थाने दिले आहे, आणि कोंकणीतही ‘बाटप’ आहे. ह्या क्रियापदाची घडण पाहण्यासारखी आहे. मनुष्य ‘बाटतो’, म्हणजे त्याच्या बाबतीत काहीतरी घडते. आणि त्याला ‘बाटवणारा’ दुसरा कोणी असतो. बाटणे आणि बाटवणे अशी ही जोडी आहे. इंग्रजी ‘अपॉस्टेट’ला असे प्रयोजक रूप नाही, कोणी कोणाला अपॉस्टेट ‘करीत’ नाही, तो ज्याचा तोच होतो. इंग्रजी शब्द सारा भार माणसाच्या इच्छेवर टाकतो, तर मराठी शब्द त्याच्या अंगावर, अन्नावर आणि पाण्यावर टाकतो. म्हणून ‘अपॉस्टेट’ला ‘बाटगा’ हा प्रतिशब्द देणारे भाषांतर मला मान्य नाही. एकात अपराध आहे, दुसऱ्यात विटाळ आहे. ह्या दोन निरनिराळ्या सृष्टी आहेत.

ह्यावरून आपला शब्द अधिक दयाळू असे वाटण्याचा संभव आहे. बळी कोण आणि बळजबरी करणारा कोण, हे तो वेगळे दाखवतो, हे खरे. पण पुढे काय होते ते पाहावे. विहिरीत पाव टाकला आणि नकळत ते पाणी प्यायल्याने सारा वाडा बाटला, अशा कथा गोव्यात आणि वसईकडे सांगितल्या जातात. त्या अक्षरशः खऱ्या असोत वा नसोत, त्या आपण सांगतो, आणि सांगताना आपल्याला बाटवणाऱ्याचा राग येतो. पण पाव हा पाव होता. त्याने माणूस परका होतो असे ठरवले कोणी? ते पाद्र्यांच्या धर्मशास्त्रात नव्हते. ते आपल्या पंगतीच्या नियमात होते. अपराधाला निदान शिक्षा भोगून शेवट असतो. विटाळ मात्र मुलानातवंडांपर्यंत चालत जातो. ‘बाटग्याची बांग मोठी’ ही म्हण आपण हसत उच्चारतो, पण तिच्यात नव्या धर्मातील त्याच्या निष्ठेचीही थट्टा आहे आणि जुन्या घरात त्याला जागा नाही हेही गृहीत आहे. बिचारा दोन्हीकडून गेला.

शास्त्रात परतीची वाट नव्हती, असेही म्हणता येत नाही. म्लेंच्छांनी बळाने नेलेल्यांसाठी प्रायश्चित्ते देवलस्मृतीत सांगितली आहेत. नेताजी पालकरांना औरंगजेबाने मुसलमान केले. १६७६ साली शिवाजीमहाराजांनी त्यांना पुन्हा स्वधर्मात घेतले. १८४३ साली मुंबईत मिशनऱ्यांकडे गेलेल्या श्रीपत शेषाद्री ह्या अल्पवयीन ब्राह्मण मुलाला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी स्मृतिग्रंथांचाच आधार दिला, आणि त्यापायी त्यांना आपल्याच लोकांचा रोष पत्करावा लागला. ‘पतित’ हा संस्कृत शब्द ह्या दृष्टीने ‘बाटगा’हून पुष्कळ बरा, कारण पडलेला उठू शकतो, आणि ‘पतितपावन’ हे तर आपण देवाचेच नाव मानतो. शास्त्राने वाट ठेवली होती, ती बंद केली रोजच्या बोलीतल्या शब्दाने.

गोव्यातील १९२८ ची घटना आपल्या वाचकांना ठाऊक आहे. विनायकमहाराज मसूरकरांच्या प्रयत्नाने ख्रिस्ती झालेल्या हजारो गावड्यांनी पुन्हा हिंदू धर्म स्वीकारला. त्यांना नाव पडले ‘नवहिंदू’. जे गोव्याच्या आद्य रहिवाशांपैकी मानले जातात, त्यांच्या कपाळी ‘नव’ हा शब्द आला आणि पुढच्या पिढ्यांनाही चिकटून राहिला. पोर्तुगीज सत्तेचा रोष पत्करून जे परत आले, त्यांना आपण दारात घेतले खरे, पण ओसरीवर वेगळा पाट मांडला. लोपिशच्या नावापुढून ‘रेनिगेड’ गेला नाही, म्हणून आपण हळहळतो. मग ह्या ‘नव’चे काय?

जे गेले आणि परत आले नाहीत, त्यांची बाजूही वाचली पाहिजे. नाहीतर आपण इन्क्विझिशनच्याच बाकावर जाऊन बसू. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव ‘अरुणोदय’. ज्याला नातलग अस्त म्हणत होते त्याला ते उदय म्हणत होते. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्या वेळी घरावर काय कोसळले हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे, आणि कोणाही हिंदू वाचकाला ते परके वाटत नाही. ह्या माणसांनी डोळे उघडे ठेवून निर्णय घेतला. इंग्रजी शब्दाच्या दोन्ही अटी, रुजू असणे आणि स्वतःच्या पायांनी जाणे, खरे तर त्यांनाच लागू पडतात. तरीही त्यांना ‘धर्मभ्रष्ट’ म्हणण्याने मराठी साहित्याच्या वाचकाला काडीचेही ज्ञान होत नाही. ‘धर्मांतर केलेले’ एवढे म्हणावे. ते खरे आहे आणि पुरेसे आहे. धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य १९४८ च्या जागतिक मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने मान्य केले आहे. आजही काही देशांत धर्मत्याग हा कायद्याने गुन्हा आहे, आणि तेथून बाहेर पडलेले काही जण ‘अपॉस्टेट’ हाच शब्द आता आपण होऊन, अभिमानाने, स्वतःला लावतात. म्हणजे वक्ता बदलला की तोच शब्द शिवीचा बिरूद होतो.

गोव्यातील सामान्य माणसाने मात्र ह्या शब्दांची वाट न पाहता आपला मार्ग काढला आहे. कुंकळ्ळीहून फातर्प्याला गेलेल्या शांतादुर्गेच्या सांत्रियांच्या उत्सवात बारा वांगडांच्या छत्र्या निघतात आणि ख्रिस्ती गावकऱ्यांचाही त्यात वाटा असतो. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ह्या बहिणी आहेत, असे लोक मानतात. एकीकडून तेल जाते, दुसरीकडून मोगरीची फुले येतात. ह्यांतले कोण कोणाला सोडून गेले, हे ठरवण्यासाठी कोणीही कोश उघडत नाही.

भाषांतरकाराला मात्र कोश उघडावाच लागतो, म्हणून माझ्यापुरता मी एक नियम घालून घेतला आहे. ‘अपॉस्टेट’ हा शब्द न्यायालयाचा किंवा प्रतिपक्षाचा असेल, तर तो त्यांच्या तोंडी ठेवून लिहावा: ‘त्यांनी धर्मत्यागी ठरवलेला’. लेखक स्वतःच्या तोंडाने बोलत असेल, तर माणसाने प्रत्यक्ष काय केले ते लिहावे: दिवा लावला, तुळस ठेवली, बाप्तिस्मा घेतला, परत आला. मजकूर राजकारणाचा असेल तर धर्माला मध्ये आणू नये. आणि ‘बाटगा’ हा शब्द फक्त तेव्हाच वापरावा, जेव्हा मूळ लेखकाला नेमका आपल्या समाजाचा तिरस्कार दाखवायचा असेल.

त्या स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मी लेख पुन्हा वाचला. ‘धर्मभ्रष्ट’ हा शब्द अकरा ठिकाणी होता. दहा ठिकाणी मी तो खोडून ‘धर्मत्यागाचा आरोप ठेवलेले’ असे लिहिले. अकराव्या ठिकाणी वाक्यात शिक्षा झालेल्या माणसाचा गुन्हा सांगितला होता. तेथे आरोपाचे नावच काढून टाकले आणि त्याने घरात देवाचा दिवा लावला होता, एवढेच ठेवले. महाजनांना ते पान वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मागे राहिलेल्या पातीतल्या घरांची आजची आडनावे मला एकेक करून सांगितली.